आण घातली, हात बांधले

माफ करावं, मन हलकं होतं, असं मला सांगायला आलेली माणसं मी आजवर चहा पाजून परत पाठवली आहेत. आता तर आमच्या कोळीवाड्याच्या मागे सुरूच्या बनात शहरातल्या लोकांनी कॉटेजं बांधलीत. शनिवार-रविवारी तिथं उतरणारी एक बाई माझ्याकडे सुके बोंबील घ्यायला येते आणि पिशवी भरेपर्यंत मला मनःशांतीवर ऐकवते. भली बाई आहे. पण तिला कुणी लुबाडलेलं दिसत नाही. ज्याचं काही गेलं नाही त्यानं क्षमेवर बोलू नये, असं माझं मत आहे आणि सत्तरी ओलांडली तरी ते बदललेलं नाही. माझं आणि गोमाकाकाचं जे काही होतं ते मी सोडलं नाही. मी ते दुसऱ्या कुणाच्या हवाली केलं. सोडणं वेगळं नि हवाली करणं वेगळं. ते कसं झालं तेवढंच इथं लिहायचं आहे.

आमचं घर काशीदच्या अलीकडे, समुद्राला पाठ करून उभं होतं. कोळ्यांची घरं तशीच असतात. दिवसभर ज्याच्याकडे बघायचं त्याला घरात कशाला घ्यायचं, असं बा म्हणायचा. बाचं नाव लखमा. त्याची एक शिडाची होडी होती, इंजिन नसलेली, आणि त्या होडीपेक्षाही त्याला त्याच्या दोरांचा गर्व होता. काथ्या तो स्वतः बघून आणायचा, पेड स्वतः वळायचा. ओटीवर बसून दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून ओढायचा तेव्हा होणारा करकर आवाज हा माझ्या लहानपणाचा आवाज आहे. दर पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असताना, तो सगळे दोर उन्हात पसरून हातभर-हातभर तपासायचा. जिथं पेड सैल वाटला तिथं कापून टाकायचा. आई चिडायची, म्हणायची, चांगल्या दोराचे तुकडे करतंस, तुजं डोकं ठिकाणावर हाय का. बा हसायचा आणि जवळ्याच्या सुक्यात भाकरी बुडवून तोंडात घालायचा. आमच्याकडे सकाळी तांदळाची भाकरी नि जवळा, दुपारी भात नि बोंबलाचं आंबट. ह्या दोन गोष्टींच्या मध्ये जग बसलेलं होतं. घरात आम्ही तिघंच, मी एकुलती एक. आई म्हणायची, एकच हाय पण चार जणींचं तोंड घेऊन आलीय.

गोमाकाका म्हणजे बाचा आतेभाऊ. आमच्या वाड्यात पहिलं इंजिन त्याच्या होडीला लागलं. पहाटे त्याच्या इंजिनाची टकटक सुरू झाली की बायका चुली पेटवायच्या, इतका तो आवाज सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. तोंडानं गोड माणूस. मला बघितलं की चंद्रे, शाळा काय म्हणते, असं विचारल्याशिवाय पुढं जायचा नाही. बाचा आणि त्याचा एकमेकांवर जीव होता, असं मी तरी समजत होते. वारा पडला की बाची होडी बंदरापर्यंत ओढून आणायचं काम गोमाकाकाच करायचा, आणि बा त्या बदल्यात त्याचे दोर वळून द्यायचा.

दसऱ्याच्या मागेपुढे वारं उलटलं, तो दिवस. बाचा खलाशी तापानं पडला होता म्हणून बा एकटाच गेला होता. दुपारी आभाळ काळं झालं, समुद्र उठला, आणि संध्याकाळच्या आत गोमाकाकाची होडी एकटी परत आली. तो सांगत होता की त्यानं लखमाची होडी मागं बांधली होती, ओढत आणत होता, आणि मध्येच दोर तुटला. त्याच्याबरोबर त्याचा मेव्हणा होता. तो म्हणाला, मी पुढं पाणी उपसत होतो, मागं काय झालं मला ठाऊक न्हाय. बा तिसऱ्या दिवशी मिळाला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

बा मिळायच्या आधी एक दिवस त्याची होडी किनाऱ्याला लागली होती, आमच्या खालच्या खडकात, उलटी. पुढच्या खुंटीला ओढायचा दोर तसाच बांधलेला. आई तिथं गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि तिनं तो दोर हातात धरून टोकापर्यंत नेला. दोर तुटतो तेव्हा त्याच्या टोकाला झिपऱ्या होतात. एक पेड इथं तुटतो, एक चार बोटं पुढं, कारण सगळे एकदम दम सोडत नाहीत. हे आमच्यात शेंबड्या पोराला कळतं. त्या दोराचे सगळे पेड एका जागी संपलेले होते, काकडी कापावी तसे. आईनं मला जवळ बोलावलं आणि ते टोक माझ्या तळहातावर ठेवलं. बघ, म्हणाली. बस, एवढंच म्हणाली.

ती तो दोर घेऊन पंचांकडे गेली. गोमाकाकानं डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाला, वहिनी, तू पोचायच्या आधी होडी खडकातून सोडवताना पोरांनी कापला असंल, आणि खरं बोलू का, लखमाचा दोर आतून कुजला होता, मी त्याला दोनदा सांगितलं होतं. इथं मी उठले असते, पण आईनं माझा दंड धरून ठेवला होता. बाचा दोर कुजलेला. बाचा. दुसऱ्या दिवसापासून वाड्यात बायका हळहळताना म्हणायला लागल्या की लखमानं दोराकडे लक्ष दिलं असतं तर आज असा प्रसंग आला नसता. बाला समुद्रानं एकदा मारलं, गोमाकाकानं दुसऱ्यांदा.

आता हेही लिहिते, कारण म्हातारपणी खोटं लिहिण्यात अर्थ नाही. त्यानं दोर कापला नसता तर दोन्ही होड्या गेल्या असत्या, असं म्हणणारे जाणते लोक मला पुढं भेटले. असेल. समुद्रात माणसाला स्वतःचा जीव प्यारा वाटतो, ह्यात नवल काय. पण मग तसं येऊन सांगायचं. वहिनी, मी भ्यालो, मी कापला, असं आईच्या पायाशी बसून म्हणाला असता तर आईनं त्याला मारलं असतं, मग रडली असती, आणि मग त्याला भाकरी वाढली असती. मी ओळखते माझ्या आईला. त्यानं ते केलं नाही. मेलेल्या माणसाच्या गळ्यात स्वतःचं पाप बांधलं. माझा राग कोयत्यावर नाही, जिभेवर आहे.

मग आईनं ती चूक केली. चूक म्हणावं की नाही हे अजून माझं ठरत नाही.

आमच्या वाड्याच्या टोकाला, जिथं खडक पाण्यात उतरतो, तिथं खडकाई आहे. देऊळ आता फरशीचं झालंय, तेव्हा चार भिंती नि कौलं होती. आत एक शिळा, शेंदूर थापून थापून गोल झालेली, तेलानं सदा चकचकीत. आमच्याकडे जो वाद पंचांना सुटत नाही तो तिच्यापुढे जातो. ज्याचा संशय असेल त्याला आण घालायची. तो शिळेवर हात ठेवून बोलला की संपलं, गावानं पुन्हा तो विषय काढायचा नाही. पण ह्याची दुसरी बाजू आहे आणि ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. आण घालणाऱ्यालाही शब्द द्यावा लागतो. आता ह्या माणसावर माझा हात उठणार नाही, माझ्या तोंडातून त्याला शाप जाणार नाही, माझ्या घरातल्या कुणाचाही नाही, बाकी सगळं तुझ्यावर, असं देवीला म्हणावं लागतं. म्हणजे एकाच वेळी दोघं बांधले जातात, आणि देवीही. तिनं बघायचं, आपण बघायचं नाही, असा तो करार.

आईला वाटलं, तिथं तो खोटं बोलणार नाही. खडकाईच्या शिळेवर हात ठेवून समुद्रावर जाणारा माणूस खोटं बोलतो, हे तिच्या कल्पनेतच येत नव्हतं. मामा म्हणत होता पोलिसांत जाऊ, दोर दाखवू. आई म्हणाली, पोलिसांना दोरातलं काय कळतंय, आण घालते. सगळा वाडा जमला. खडकाईची पूजा करणाऱ्या दामाभगतानं गोमाकाकाला आंघोळ करून ओल्या पंच्यानं बोलावलं. त्यानं हात ठेवला. मी त्याच्या हाताकडे बघत होते; त्यानं तो शिळेवर घट्ट दाबला.

"लखमाचा दोर मी कापला न्हाय," तो म्हणाला. "आपल्यानं तुटला. मी खोटं बोलत असंन तर माझा जीव सुखानं सुटू नये."

मग आईची पाळी. ती इतका वेळ उभी राहिली की भगतानं तिला दोनदा हाक मारली. तिला कळलं होतं. आपल्याला फसवलं गेलं आणि आता स्वतःच्याच हातानं स्वतःला बांधून घ्यायचं आहे, हे तिला त्या क्षणी कळलं होतं. तरी ती बोलली. शब्द न् शब्द बोलली. मला वाटलं, ह्या बाईला नवऱ्याची चाड नाही. असं वाटलं होतं मला, पंधराव्या वर्षी, माझ्या आईबद्दल.

आठवड्यानं मामा पुन्हा आला. रेवदंड्याकडचा, दांडगा माणूस, नुसता चालत आला तरी कोंबड्या पळायच्या. त्यानं कोयता ओटीवर ठेवला आणि म्हणाला, तायडे, तू नुसती मान हलव. आई म्हणाली, मी आण घातलीय. तो म्हणाला, ती तू घातलीस, मी न्हाय. आई म्हणाली, घरातल्या कुणाचाही हात न्हाय असं बोलले, तू माझा भाऊ हायेस. मामा शिव्या देत निघून गेला, आणि त्यानंतर मी पहिल्यांदा आईला डळमळताना बघितलं. दोन दिवस ती जेवली नाही. मग म्हणाली, मी कौल लावते. देवीनं माझा शब्द घेतला असेल तर तसं सांगावं, नसंल घेतला तर मला मोकळी करावी.

कौल म्हणजे असं. शिळेच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेलं एकेक फूल चिकटवायचं. भगत गाऱ्हाणं घालतो. उजवं आधी पडलं तर देवी व्हय म्हणाली, डावं पडलं तर न्हाय. आणि आमच्याकडे ती फुलं कौल मागणाऱ्या घरातल्या कुवारणीनं चिकटवायची असतात. म्हणजे मीच.

रात्रभर नाही, नुसत्या एका दुपारी मी ठरवलं. आमच्या परसात फणस होता. त्याच्या बुंध्याला मी विळ्यानं चरा पाडला आणि पानावर चीक धरला. फणसाचा चीक काय असतो ते कोकणात सांगायला नको. बोटाला लागला तर चामडी निघते पण चीक निघत नाही. सकाळी देवळात तगरीची दोन फुलं माझ्या हातात होती. उजव्या फुलाच्या पाठीला मी भरपूर चीक फासला होता. डाव्याला नुसतं पाणी दाखवलं, तेही जेमतेम. देवी न्हाय म्हणेल, आई मोकळी होईल, मामा येईल. मला गोमाकाकाचे पाय मोडलेले बघायचे होते. त्याला ओटीवर बसून दुसऱ्यांच्या होड्यांकडे बघत म्हातारं झालेलं बघायचं होतं. देवीला फसवतोय ह्याची मला भीती नव्हती. माझ्या मते पंधरा दिवसांमागंच गोमाकाकानं तिला फसवलं होतं आणि तिनं त्याचं काय वाकडं केलं होतं?

भगतानं गाऱ्हाण्याला सुरुवात केली. आई डोळे मिटून उभी. आणि गाऱ्हाणं अर्धं व्हायच्या आत उजवं फूल, चीक फासलेलं, शिळेवरून सरळ घरंगळत खाली आलं आणि माझ्या पायापाशी पडलं. डावं तसंच. डावं दुसऱ्या दिवशीही तसंच होतं, मी बघून आले.

आई जमिनीवर डोकं टेकून रडत होती, भगत घंटा वाजवत होता, आणि मी ते पडलेलं फूल कुणी बघायच्या आत मुठीत घेतलं. बाकीच्यांना वाटलं, कौल मिळाला. तो किती मिळाला हे फक्त मला ठाऊक होतं. पनवेलला असणारा माझा नातू, इंजिनीअर, त्याला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, आजी, फणस चिरताना हाताला तेल लावतात ना, मग तेलकट दगडाला चीक कसा चिकटेल? खरंच की. शंभर फणस चिरलेत मी, आणि नेमकं त्या दिवशी हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्याला म्हटलं, ते तेल कुणासाठी लावलं होतं रे? आईला मात्र मी हे कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही ओठांवर आलेलं मी परत गिळलं.

त्या दिवसापासून मीही बांधली गेले. आईनं शब्द दिला म्हणून नव्हे. मी शब्द मोडायला गेले आणि मोडता आला नाही म्हणून. खडकाईनं मला सरळ सांगितलं होतं की हे माझं आहे, तू हात काढ. मी हात काढला. पण त्याच्यावरचा दात सोडला नव्हता. आणि शाप तोंडातून जायचा नाही असं ठरलं होतं, मनातून जायचा नाही असं काही ठरलं नव्हतं. त्या चार वर्षांत मी मनातल्या मनात गोमाकाकाला जे जे म्हटलं ते सगळं लागलं असतं तर त्याच्या सात पिढ्यांना चालायला पाय राहिले नसते.

कोळणीनं शिव्या न देता राहायचं म्हणजे काय, ते परक्याला कळायचं नाही. बाजारात आमचा धंदाच तोंडावर चालतो. आई टोपली घेऊन अलिबागच्या बाजूला जायला लागली. गिऱ्हाइकाला, एसटीच्या कंडक्टरला, मांजराला, सगळ्यांना ती यथेच्छ बोलायची, पण गोमाकाकाचं नाव निघालं की ओठ शिवल्यासारखे मिटायचे. पहाटे त्याच्या इंजिनाची टकटक सुरू झाली की भाकरी थापणारा तिचा हात थांबायचा. आवाज लांब जाईपर्यंत थांबलेला असायचा. मग पुन्हा सुरू. रोज. चार वर्षं. एखाद्या दिवशी भाकरी करपायची ती त्यामुळंच, आणि आम्ही दोघी करपलेलीच खायचो.

त्याची भरभराट होत होती, हेही लिहायला हवं. दुसरी होडी आली. घरावर पत्रे आले. खडकाईच्या जत्रेत पहिला नारळ त्याचा. मी आईला एकदा विचारलं, तुझी देवी झोपलीय का. आई मासे निवडत होती. म्हणाली, तिनं शब्द दिलाय, दिवस न्हाय दिलेला. मला असा राग आला की मी टोपली लाथाडली. ते मासे सगळे मलाच धुवावे लागले.

एकदा तर असं झालं की दुपारची वेळ, वाळूवर चिटपाखरू नाही, गोमाकाकाची नवीकोरी जाळी काठ्यांवर वाळत घातलेली, आणि माझ्या हातात विळा. पाच मिनिटांचं काम होतं. मी जाळं हातात धरलं. ते धरून मी तिथंच खाली बसले आणि खडकाईला म्हटलं, तू बघितलं नाहीस ना, तर मी मेल्यावर तुझ्याकडे येऊन तुझा हिशेब घेईन. देवाशी असं बोलतात का? मी बोलले, आणि जाळं तसंच सोडून घरी आले. विश्वास ठेवायचा म्हणजे हात जोडून गोड बोलायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कुणाच्या शब्दावर कधी चार वर्षं काढलेली नसतात.

आणि मग एका सकाळी ती टकटक झाली नाही. गोमाकाका होडीवर चढताना पडला होता. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून आठवड्यानं घरी पाठवला, आता काय ते घरीच, असं सांगून. घरी आणल्यावर त्याचा श्वास घरघरत राहिला. दोन दिवसांत जाणारा माणूस, नऊ दिवस झाले तरी जाईना. पाणी पाजलं तर तोंडाच्या कडेनं बाहेर. डोळे उघडे. वाड्यात हळूहळू ते वाक्य फिरायला लागलं. कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण सगळ्यांना आठवलं होतं. जीव सुखानं सुटू नये, असं कोण म्हणालं होतं? आमच्यात म्हणतात, खोट्या आणेचा जीव अडकला की ज्याचं वाईट केलं त्याच्या घरचं पाणी लागतं, तेव्हाच सुटतो.

दहाव्या दिवशी दुपारी जनाकाकी आली, त्याची बायको. मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या दारांवरून, हातात रिकामा तांब्या घेऊन. आई अंगणात जवळा पाखडत होती. मी काठ्यांवर बोंबील टांगत होते. जनाकाकी येऊन उभी राहिली. तिच्यामागं दारादारांत बायका उभ्या राहिल्या. आईनं सूप खाली ठेवलं नाही.

"वहिनी," जनाकाकी म्हणाली, "तुज्या घरचं पाणी पायजे."

"आमच्या घरचं कशाला?" आई म्हणाली. "दोर तुटलावता ना?"

जनाकाकीनं एकदा मागं वळून दारांतल्या बायकांकडे बघितलं.

"तुला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"मना ठाऊक हाय. वाड्याला सांग."

आणि जनाकाकी त्या अंगणात, सगळ्या बायकांच्या देखत, खाली बसली. तिनं सांगितलं. परत आला त्या संध्याकाळीच त्यानं तिला सांगितलं होतं. तीही चार वर्षं त्याच घरात, त्याच शब्दाखाली जगत होती. मला तिची दया आली का? नाही आली. मी खोटं कशाला लिहू.

आईनं सूप खाली ठेवलं, घरात गेली, माठातलं पाणी तांब्यात घातलं आणि तो माझ्या हातात दिला. म्हणाली, रक्ताचं माणूस लागतं, मी सून, तू लखमाची लेक. तू जा.

गोमाकाकाच्या घरात पंच बसलेले होते, दामाभगत होता. मी आत गेले तसे सगळे बाजूला झाले. खाटेवर तो होता, अर्धं तोंड खाली ओघळलेलं, पण डोळे त्याचेच. त्यांनी मला ओळखलं. तांब्या ओळखला. तोंड उघडलं त्यानं, पाखराच्या पिलासारखं.

मी पाणी दिलं नाही. लगेच दिलं नाही. मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हटलं, काका, आधी सांग. जनाकाकीनं सांगितलंय, ते चालणार न्हाय, तू सांग. भगत म्हणाला, पोरी, त्याची वाचा गेलीय. मी म्हटलं, हात हाय. तेवढा वेळ मी जी बसून होते, तांब्या मांडीवर, तो उघड्या तोंडानं माझ्याकडे बघतोय, त्या वेळाचं सुख मला पुढच्या आयुष्यात कशातच मिळालं नाही. लग्नात नाही, पहिल्या बाळंतपणानंतर नाही. हे वाचून कुणाला वाईट वाटलं तर वाटो.

त्याचा डावा हात चादरीवरून उठला. त्यानं तो उजव्या, मेलेल्या मनगटावर ठेवला, आणि बोटांच्या कडेनं पुढंमागं, पुढंमागं केलं. कापतात तसं. तीनदा. घरात सगळ्यांनी बघितलं. एक म्हातारा पंच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग मी विचारलं, आणि बाचा दोर कुजला होता? गोमाकाकानं तोच हात आडवा हलवला. न्हाय, न्हाय, असं. कुजलेला नव्हता.

इथं मला उठून जाता आलं असतं. पाणी जमिनीवर ओतता आलं असतं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तो पडून राहिला असता आणखी नऊ दिवस, नव्वद दिवस, डोळे उघडे ठेवून. माझा हात उठणार नव्हता, नुसता थांबणार होता. थांबलेला हात म्हणजे उठलेला हात का? ह्या प्रश्नावर पंच, भगत, कुणी मला उत्तर देऊ शकलं नसतं. मला उत्तर ठाऊक होतं, कारण खडकाईनं मला एकटीला सांगितलं होतं की हे माझं आहे. मी त्याच्या कानाशी वाकले. बाकी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नव्हे, त्यानं नीट ऐकावं म्हणून.

"मी माफ करत न्हाय, काका," मी म्हटलं. "तुला तिच्याकडं धाडते. जा."

आणि चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं. एक थेंब बाहेर आला नाही. तो गिळत होता. दिवेलागणीच्या आत तो गेला.

मी घरी आले तेव्हा आई अजून अंगणातच होती. जवळा तसाच सुपात. तिनं विचारलं, पाजलंस? मी म्हटलं, पाजलं. सगळं सांगितलं, हात कसा हलवला ते करून दाखवलं, कानात काय बोलले तेही. मला वाटलं, ती शाबासकी देईल, किंवा बाचं नाव घेऊन रडेल. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

"रक्ताचं माणूस लागतं, असं काय नसतं," ती म्हणाली. "सुनेच्या हातचं चालतं. मी गेले असते तर पाणी त्याच्या डोळ्यांदेखत जमिनीवर ओतलं असतं मी, चंद्रे. म्हणून तुला धाडलं."